१ जून २०२८ ला जन्मलेले गिरणी कामगार

परळमधल्या एका पतपेढीचं काम बाबांच्या ओळखीने माझ्या गळ्यात पडलं. (शनिवारी झोपायचं सोडून हे उद्योग कशाला, हे घरीही विचारून झालंय.) त्यांची सभासदांची यादी १९९४ च्या ॲक्सेस २.० मध्ये होती आणि जुना पीसी कसाबसा तग धरून होता. आता नवा पीसी आणि नवं ऑफिस आलं. ॲक्सेस २०१३ आणि पुढच्या आवृत्त्या तर ९७ ची फाइलसुद्धा उघडत नाहीत. त्यामुळे मधली एक जुनी आवृत्ती शोधून फाइल पायरीपायरीने वर आणली.

सगळं चाललं. एक रिपोर्ट सोडून. "साठीपुढचे सभासद, ज्यांची ठेव कोणी नेलेली नाही" हा रिपोर्ट आधी ३१२ नावं द्यायचा, आता २४१ देत होता. एरर नाही, काही नाही. मी क्वेरी उलटीसुलटी करून पाहत होतो, तेवढ्यात तिथले जुने काका छापील यादी हातात घेऊन म्हणाले, "अरे, यातले सगळ्यात म्हातारे तेवढे गेलेत."

तिथे ट्यूब पेटली. रजिस्टरवरून नोंदी चढवताना कोणीतरी जन्मतारीख टेक्स्ट म्हणून भरली होती, वर्षाचे दोनच आकडे: ०१-०६-२८. (१ जून पुष्कळ जणांची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेला वाढदिवस, दुसरं काय!) ॲक्सेस २.० दोन आकडी वर्ष सरळ १९०० च्या शतकात टाकायचं. ऑफिस ९७ पासून नियम बदलला: ०० ते २९ म्हणजे २०००-२०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३०-१९९९. एक्सेलमध्येही हीच रेघ आली. त्याआधीच्या एक्सेल ९५ मध्ये ती १९२० वर होती.

म्हणजे आमचे काका-आजोबा १ जून २०२८ ला जन्मणार होते. वय उणे. साठीपुढच्या यादीत ते येणार कसे?

गंमत म्हणजे सभासद झाल्याची तारीख एकाचीही बिघडली नव्हती, कारण तो रकाना खऱ्या डेट प्रकारचा होता. ॲक्सेस तारीख अक्षरांत ठेवतच नाही, ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस मोजून ठेवतं. १ जून १९२८ म्हणजे १०३८०. या आकड्याला शतकाचा घोळ होत नाही.

१९३० च का? वाय-टू-केच्या तोंडावर कुठेतरी रेघ मारणं भागच होतं आणि तेव्हाच्या ऑफिसांसाठी ती बरी होती. १९९७ मध्ये नोकरीत असलेला माणूस बहुधा १९३० नंतरचा, आणि तीस वर्षांचं कर्जही २०२९ च्या आत फिटणार. गिरणगावाचा हिशोब मात्र वेगळा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा १९३० पूर्वी जन्मलेला कामगार पन्नाशी ओलांडलेला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? कित्येक जण कोकणात, साताऱ्याकडे गावी गेले. काकांच्या मते पतपेढीतली थोडीशी ठेव मागे ठेवून गेलेल्यांत हेच जास्त. म्हणजे ज्यांच्या वारसांना पत्र जायला हवं, नेमके तेच रिपोर्टमधून गळले होते.

दुरुस्ती सोपी वाटली: सगळीकडे पुढे १९ चिकटवा. सभासदांना ते चाललं, पण वारसांच्या टेबलात एक नात होती, जन्मसाल "०३". तिला १९ लावलं तर ती सभासद आजोबांपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी! जुन्या रिपोर्टात ती इतकी वर्षं तशीच छापली जात होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ही ठेवून होतो की कोणत्या वारसाचं कुठलं शतक हे मशीनला सांगता येईल, पण नाही जमलं. शेवटी कपाटातले कागदी फॉर्म काढले. काका वाचून दाखवणार, मी चार आकडी वर्ष टाइप करणार. आणखी दोन शनिवार त्यात गेले. चहा मात्र चांगला होता.