सदुसष्ट घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. पट ६४ घरांचा असतो. तो ६७ घरांचा असता तर सगळे दाणे मिळून १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ झाले असते. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. या एकवीस अंकी संख्येचा इतिहास मला फार आवडतो.

मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी छापली. २ चा अमुक घात वजा १ ही मूळ संख्या केव्हा होते, त्याची ती यादी. त्यात ६७ होता. पुरावा दिलेला नव्हता. पण मोठ्या माणसाने छापले की ते टिकते! तब्बल २३२ वर्षे टिकले. (यादीत २५७ हाही चुकीचा होता, आणि ६१, ८९ व १०७ राहूनच गेले होते.)

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले की ही संख्या मूळ नाही. गंमत अशी, की तिला कशाने भाग जातो हे मात्र त्यालाही माहीत नव्हते. वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारेल, अवयव न सापडता हे कळले कसे? तर मूळ संख्येला लागू पडलीच पाहिजे अशी एक कसोटी असते. तीत ही नापास झाली. घरात चोर आहे हे नक्की, पण तो कोण ते ठाऊक नाही, अशातला प्रकार.

चोर पकडला अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी दोन अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ई. टी. बेल लिहितात, की कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती दिवस लागले, या प्रश्नावर म्हणे त्यांचे उत्तर होते, तीन वर्षांचे रविवार. बेल गोष्टी रंगवून सांगत, तेव्हा त्यातले थोडे वजा करावे. कोलांचा शोध काही आंधळा नव्हता. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ ने भागले तर बाकी १ च उरते, त्यामुळे बहुतेक संख्या आधीच बाद होतात. तरीही उरतात त्या लाखांनी. कागद-पेन्सिलीने!

आज संगणक हे काम चुटकीसरशी करतो. २०२४ मध्ये याच जातीची चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली. असो.

आपल्याला नऊचा ताळा पुरे. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९. तिन्हींचा ताळा १ येतो. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच असे नव्हे. ज्यांना खात्री हवी त्यांनी एखाद्या रविवारी मोठा कागद घेऊन बसावे.