निसटणाऱ्या नळीचा इतिहास

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा व्यापारी भाग पेटला आणि मदतीला वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. माणसं होती, यंत्रं होती. पण पाहुण्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर चढेनात. आग सुमारे ३० तास चालली. दीड हजारांहून अधिक इमारती खाक झाल्या.

पुढच्या पाहणीत अमेरिकेत बंबाच्या नळ्यांच्या जोडांचे ६०० हून अधिक प्रकार आढळले. प्रत्येक शहराचं माप वेगळं! १९०५ मध्ये अडीच इंची नळीसाठी इंचाला साडेसात आटे हे राष्ट्रीय प्रमाण ठरलं, तरी जुने हायड्रंट बदलायला कित्येक वर्षं गेली.

मुळात नळी तुकड्यातुकड्यांनी जोडायची कल्पना ॲमस्टरडॅमची. शहरांची देखणी चित्रं काढणारा यान फान डर हायडन आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी १६७२ मध्ये कातड्याची नळी बनवली. बुटासारखी शिवलेली, ५० फुटांचे तुकडे, टोकांना पितळी जोड.

बागेतली नळीही याच अडचणी घेऊन आली. जोड सुटतो किंवा गळतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण आट्यांचं. अमेरिकी बागेच्या नळीला इंचाला साडेअकरा आटे, तर भारतात रुळलेल्या ब्रिटिश मापाच्या पाऊण इंची नळाला चौदा. अमेरिकेहून आणलेलं नोझल इथल्या नळावर एखाद-दोन फेरे चढतं, मग अडतं. पान्याने रेटलं की आटे मरतात; इथे दोन्ही मापं जुळवणारा ॲडाप्टरच हवा.

दुसरं ठिकाण वॉशरचं. अशा जोडात पाणी आटे अडवत नाहीत, आतला रबरी वॉशर अडवतो. तो कडक झाला, चिरला की टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी गळती थांबत नाही. नवा वॉशर बसवला की हाताने आवळणंही पुरतं.

तिसरं ठिकाण नळीच्या पकडीचं. त्यावर ब्रिटिश नौदलातले कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये उपाय शोधला: स्क्रू फिरवला की नळीभोवती सारखी आवळत जाणारी पोलादी पट्टी, म्हणजे ज्युबिली क्लिप. १९६८ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या गार्डेना कंपनीने दोन टोकं नुसती दाबून जोडणारा प्लॅस्टिकचा जोड आणला. त्यात नळीचं टोक नटाखालच्या दात्यांत आवळलं जातं आणि पाणी अडवायला रबरी कडं असतं.

तरीही उन्हात पीव्हीसीची नळी मऊ पडते, टोक फाकतं, आणि दाब वाढला की जोड उडतो. तेव्हा फाकलेला इंचभर भाग सरळ कापावा, नवं टोक कोमट पाण्यात धरून जोडावर पूर्ण आतपर्यंत सरकवावं आणि मगच क्लिप किंवा नट आवळावा.