लूपमधल्या ‘आय’ची कुळकथा

प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्यांना पहिल्याच आठवड्यात व्हेरिएबलला अर्थपूर्ण नाव द्यायला सांगतात आणि लगेच फळ्यावर लूप लिहिताना मोजणीला नुसता ‘आय’ घेतात. ही विसंगती नाही, पण त्यामागचं कारण सांगितलंच जात नाही आणि मग मुलं प्रोग्रॅमभर ए, बी, सी पेरत सुटतात.

एका अक्षराची सवय गणितातली. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशींची नावं यावत्तावत्, कालक, नीलक अशी आहेत आणि समीकरणात त्यांची ‘या’, ‘का’, ‘नी’ ही आद्याक्षरं येतात. देकार्तने १६३७ साली एक्स, वाय, झेड रूढ केले; पुढे मॅट्रिक्समधल्या ओळी आणि स्तंभ मोजायला आय, जे आले. संगणकात मात्र ही सवय नियम बनली ती १९५७ च्या फॉर्ट्रानमुळे. आयबीएम ७०४ या संगणकावरच्या या भाषेत आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक, बाकीची दशांशवाली. नाव सहा अक्षरांच्या आत, कारण यंत्राच्या ३६ बिटांच्या एका शब्दात सहाच अक्षरं मावत. आता वस्तुमानासाठी ‘मास’ हे चांगलं नाव घ्या. ते एमने सुरू होतं म्हणून पूर्णांक ठरे; त्यात २.७ भरले की २ उरत, आणि यंत्र तक्रारही करत नसे. म्हणून लोक पुढे एक्स चिकटवून ‘एक्समास’ लिहीत. अर्थ नावात नव्हे, पहिल्या अक्षरात अडकला होता. प्रकार आधी जाहीर करायला लावणारी ‘इंप्लिसिट नन’ची सोय प्रमाण भाषेत आली ती फॉर्ट्रान ९० मध्ये.

कोणी म्हणेल, गणितज्ञांवर यंत्राची सक्ती नव्हती, तरी ते एकाच अक्षरावर भागवतात. खरं आहे, पण ‘समजा एक्स ही त्रिज्या’ हे वाक्य समीकरणाच्या शेजारीच असतं. प्रोग्रॅममध्ये नाव जिथे ठरलं तिथून दोनशे ओळी दूर वापरलं जातं, आणि तिथे ते वाक्य सोबत नसतं. तीन ओळींच्या लूपमध्ये ‘आय’ बिनधास्त ठेवावा, कारण त्याचा जन्म आणि शेवट एकाच नजरेत दिसतो; तिथे ‘विद्यार्थ्याचा_अनुक्रमांक’ लिहिण्याने वाचणं उलट जड होतं. पण फीची रक्कम साठवायला ‘एफ’ घेतला, तर सहा अक्षरांची ती अडचण आपण विनाकारण पुन्हा ओढवून घेतो.