गोदींतील उमेदवार

उमेदवारी हा शब्द आपल्या घराघरांत परिचयाचा आहे. शाळेंतील विद्या पुरी झाली म्हणजे मुलगा एखाद्या जाणत्याच्या हाताखालीं, विनावेतन किंवा अल्प वेतनावर, प्रत्यक्ष कामास लागतो. बहुधा हें काम परगांवीं असतें. तेथें बिऱ्हाड शोधावें लागतें, खाणावळ पाहावी लागते, आणि ज्या कारखान्यांत आपणांस कोणी ओळखत नाहीं तेथें रोज सकाळीं जाऊन उभें राहावें लागतें. बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस गेलेल्यांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. पण हत्यार हातीं धरून शिकण्यासाठीं जे गेले, त्यांची आठवण आपण फारशी ठेविलेली नाहीं. वस्तुतः या वाटेनें जाणारे पहिले लोक मुंबईचेच होते, व ते बॅरिस्टरांच्या पुष्कळ आधीं गेले. त्यांची हकीकत आजच्या उमेदवारास व त्याच्या वडील माणसांस विचार करावयास लावील, असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या गोदीचा जुना इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं वाडिया घराण्याचाच इतिहास होय. १७३६ सालीं लवजी नसरवानजी हे कारागीर सुरतेहून मुंबईस आले, आणि पुढें गोदीच्या मुख्य कारागिराची जागा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरांत राहिली. मलबारच्या सागवानाचीं त्यांनीं बांधलेलीं जहाजें खुद्द इंग्लंडच्या आरमारानें मागवून घेतलीं. १८१० सालीं ‘मिंडेन’, १८१३ सालीं ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ सालीं ‘त्रिंकोमाली’ आणि १८२४ सालीं ‘एशिया’ हीं जहाजें येथूनच पाण्यांत उतरलीं. १८२७ सालच्या नॅव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें निशाण ‘एशिया’वर फडकत होतें; १८४२ सालीं चीनशीं झालेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’वर. ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. असें असतां या घराण्यांतील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे भाऊबंद १८३८ सालीं जहाजबांधणी शिकण्यासाठीं इंग्लंडास निघाले. ज्यांच्या घरचीं जहाजें इंग्रज घेत होते, त्यांनींच इंग्रजांच्या गोदींत उमेदवारी करण्यास कां जावें?

याचें उत्तर एका शब्दांत सांगावयाचें तर ‘वाफ’ हें होय. १८२९ सालीं ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईस तयार झाली. ती बांधणारे नवरोजी जमशेटजी हे जहांगीर यांचे वडील. १८३० च्या मार्च महिन्यांत ती मुंबईहून सुएझकडे निघाली, आणि विलायतेचें टपाल केपला वळसा न घालतां जाऊं शकेल हें तिनें सिद्ध केलें. परंतु या आगबोटीचा सांगाडा मुंबईचा असला, तरी तिचें इंजिन इंग्लंडहून आलेलें होतें. अनुभवी डोळ्यास एवढी खूण पुरेशी होती. लांकडाची पारख, वांक्याचा अंदाज, तासणीचा हात हें सर्व बापाकडून मुलाकडे येऊं शकत होतें. वाफेचें शास्त्र मात्र घरांतील कोणाहीपाशीं नव्हतें. वडिलोपार्जित विद्या अपुरी पडूं लागली हें वेळींच ओळखणें सोपें नसतें. ज्या घराण्याचा शंभर वर्षें लौकिक झालेला, त्यास तर तें अधिकच कठीण. वाडियांनीं तें ओळखलें व मुलांस धाडलें, यांतच आम्ही त्यांचा मोठेपणा मानतों.

हे दोघे शिडाच्या जहाजांतून केपच्या लांबच्या वाटेनें गेले. त्या वेळीं मुंबईची वस्ती दोन-अडीच लाखांची होती. लंडनची एकोणीस लाखांच्या घरांत पोंचत होती. तेथें थेम्स नदीखालून बोगदा खणण्याचें काम चाललें होतें, आणि आगगाड्या धांवूं लागल्या होत्या. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली ती १८५३ सालीं. म्हणजे या दोघांनीं जें पाहिलें तें मुंबईकरांस दिसण्यास अद्याप पंधरा वर्षें अवकाश होता. सुदैवानें लंडनमध्यें ते अगदींच निराधार नव्हते. मुंबईंत व्यापार करून परत गेलेले सर चार्लस फोर्ब्स यांच्यासारखे वजनदार स्नेही त्यांस लाभले. परक्या शहरांत आपल्या गांवाची माहिती असलेला एक जरी मनुष्य भेटला, तरी उमेदवाराचें अर्धें ओझें उतरतें.

तथापि ते तडक गोदींत गेले नाहींत. प्रथम एगॅम या गांवीं एका पाद्र्याजवळ राहून त्यांनीं आपलें शिक्षण पक्कें केलें, कारण इंग्रजी भाषा व गणित यांवांचून जहाजाच्या आकृतीमागील हिशेब त्यांस कळला नसता. जेवणाची व्यवस्था आपल्या धर्माचे नोकर बरोबर नेऊन त्यांनीं आधींच लाविली होती. पगडी व अंगरखा हा आपला वेषही त्यांनीं टाकला नाहीं. पुढल्या काळांतील कित्येक तरुणांनीं विलायतेस पाय ठेवतांच प्रथम कपडे बदलले व विद्येकडे नंतर पाहिलें. या दोघांचा क्रम नेमका उलट होता. गोऱ्यांची विद्या हवी, पण त्यासाठीं गोरे होण्याचें कारण नाहीं, अशी त्यांची वृत्ति दिसते.

या वृत्तीची किंमत त्यांस द्यावी लागली. पुढें १८४१ सालीं त्यांनीं आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्याचा वृत्तांत इंग्रजींत पुस्तकरूपानें लंडनलाच छापला. प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलों असतां तेथील पशुपक्ष्यांइतकेच लोक आमच्याकडेही पाहत होते, अशा आशयाचें त्यांनीं त्यांत लिहिलें आहे. खालच्या वर्गांतील लोक परक्या मनुष्याशीं उर्मटपणें वागतात व इंग्रज नसेल त्या प्रत्येकास फ्रेंच ठरवितात, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे. परंतु हे उमेदवार केवळ पाहून घेणारे नव्हते, पाहणारेही होते. एका विख्यात नर्तकीनें रंगभूमीवर एका पायावर बराच वेळ उभें राहावें व त्यासाठीं तिला एका रात्रींत भली मोठी रक्कम मिळावी, या गोष्टीचें त्यांस नवल वाटलें, आणि तें त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. उलट वाफेच्या यंत्रांचें वर्णन करतांना त्यांची लेखणी थकत नाहीं. दिपून जाण्याजोगें काय आणि हसून सोडून देण्याजोगें काय, याचा निवाडा त्यांनीं स्वतःच्याच बुद्धीनें केला.

त्यांचें खरें शिक्षण झालें तें केंट परगण्यांतील चॅथम येथील सरकारी गोदींत. मेडवे नदीवरील ही गोदी फार जुनी. नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ जहाज १७६५ सालीं येथेंच पाण्यांत सोडलें होतें. लंडनच्या रस्त्यांवर हे दोघे तमाशाचा विषय होते. गोदींत मात्र ते सागवानाची नस न्‌ नस जाणणारे, जहाजांतच लहानाचे मोठे झालेले पुरुष होते. कोणतेंही परकें शहर रस्त्यांवरून आपलेंसें होत नाहीं. तें कामावरून होतें, अशी आमची समजूत आहे. ज्या ठिकाणीं आपल्या हातास ओळख आहे, तेथें पगडीकडे पाहणारे डोळे हळूहळू हाताकडे पाहूं लागतात.

याच घराण्यांतील अर्देशर करसेटजी हे १८३९ सालीं इंग्लंडास गेले. त्यांनीं तर घरीं असतांनाच यंत्रांचा नाद धरून १८३४ सालीं माझगांवांतील आपल्या बंगल्यांत गॅसचे दिवे लाविले होते. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच वर्षीं मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखालीं युरोपियन कारागीर काम करणार, ही गोष्ट मुंबईंतील एका इंग्रजी वृत्तपत्रास रुचली नाहीं. विद्येची परीक्षा लंडनमध्यें उतरलेल्या मनुष्यास स्वतःच्या गांवांत पुनः परीक्षा द्यावी लागली.

आणि यापुढील भाग विषादाचा आहे. जहांगीर व हिरजीभाई परत येऊन गोदीच्या कामास लागले. परंतु ते परतले त्यास वीस वर्षें झालीं नाहींत तोंच, १८६० सालीं, इंग्लंडच्या आरमाराचें ‘वॉरियर’ हें लोखंडी जहाज पाण्यांत उतरलें. लांकडी युद्धनौकांचा काळ सरला आणि सागवानाचें महत्त्वही सरलें. लोखंडी जहाजें बांधावयाचीं तर जवळ लोखंडाचे कारखाने हवेत. आपल्याकडे साकची येथें टाटांच्या कारखान्यांत पोलाद तयार होऊं लागलें तें १९१२ सालीं. मधल्या पन्नास वर्षांत राज्यकर्त्यांस येथें तो धंदा उभा करण्याची निकड वाटली नाहीं. मुलांनीं विद्या आणली. पण ती पेरावयास लागणारी जमीन त्यांच्या हातीं नव्हती.

म्हणून त्यांची उमेदवारी वायां गेली असें आम्ही म्हणत नाहीं. उमेदवारीचे भाग दोन. परक्या शहरांत टिकून राहणें, आपला ताठा न सोडतां दुसऱ्याचें शिकणें, हा उमेदवाराचा भाग. तो या तरुणांनीं चोख बजाविला. शिकून आलेल्या मुलास त्याच्या विद्येजोगें काम देणें हा दुसरा भाग, आणि तो त्यास धाडणाऱ्या गांवाचा व राज्याचा. चॅथमची गोदी १९८४ सालीं बंद झाली; मुंबईच्या गोदींत आजही काम चालतें. दूरच्या शहरांत मुलगा उमेदवारीस निघाला म्हणजे त्याच्या खोलीची व जेवणाची चौकशी आपण अवश्य करावी. पण तो परतेल तेव्हां त्याच्या हातांस येथें काय काम असेल, याची चौकशीही त्याच दिवशीं सुरू झाली पाहिजे.