फ्रँक उलरिख: तीन मिनिटं आणि अकरा सेकंद

बायथलॉन म्हणजे स्कीवर जीव खाऊन पळायचं, आणि मग छाती भात्यासारखी हलत असताना 50 मीटरवरच्या इवल्याशा निशाण्यावर गोळी मारायची. पडून झाडताना हा निशाणा आजच्या नियमाने फक्त 45 मिलिमीटरचा. आपल्याकडे बर्फ म्हणजे काडीला लावून वर कालाखट्टा ओतायची गोष्ट, त्यामुळे या खेळाशी आपला संबंध शून्य. पण फ्रँक उलरिख हा माणूस ओळख करून घेण्यासारखा आहे.

जन्म 1958, पूर्व जर्मनीतलं थुरिंगिया. 1976 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये, जेमतेम अठराव्या वर्षी, रिलेचं कांस्य. 1977-78 च्या मोसमात वर्ल्ड कप सुरू झाला, तो पहिलाच पठ्ठ्याने जिंकला. पुढे आणखी तीनदा.

खरी गंमत 1980 च्या लेक प्लॅसिडची. 20 किलोमीटरच्या शर्यतीत नेम चुकला की थेट वेळेत मिनिटं वाढतात. उलरिख स्कीवर भन्नाट पळाला, पण नेमबाजीपायी 3 मिनिटांचा दंड बसला. सोव्हिएत अनातोली अल्याब्येवचा एकही नेम चुकला नाही. शेवटी फरक किती? सुमारे 11 सेकंद! तीन मिनिटांचं कर्ज पायांनी जवळजवळ फेडलं होतं राव. पण सुवर्ण अल्याब्येवला. उलरिखचं सुवर्ण आलं 10 किलोमीटर स्प्रिंटमध्ये. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच होत होती.

खेळ थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला. भिंत पडली, देश नकाशावरून गेला, हा टिकला. 1998 ते 2010 एकत्र जर्मनीच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या 5 पैकी 4 सुवर्णपदकं त्याच्या पोरांनी आणली, त्यातली तीन मिखाएल ग्राइसची. चार वर्षांनी व्हँकुव्हरला एकही पदक नाही. कोचची नोकरी ही अशी.

आता अवघड भाग. पूर्व जर्मनीत 1974 पासून डोपिंग ही सरकारी योजना होती. तिला चक्क क्रमांक होता, 14.25. गोळ्या वाटल्या जात होत्या, अनेक खेळाडूंना आपण काय गिळतोय हेही माहीत नव्हतं. 2009 मध्ये एका जुन्या पूर्व जर्मन बायथलीटने आरोप केला की त्या काळातल्या डोपिंगमध्ये प्रशिक्षक म्हणून उलरिखही सामील होता. उलरिखने आरोप फेटाळले. स्की महासंघाने चौकशी केली आणि त्याला पदावर ठेवलं.

मला विचाराल तर ही भानगड काळी-पांढरी करून बघता येत नाही. अशा यंत्रणेत वाढलेला खेळाडू एकाच वेळी तिचा लाभार्थी आणि तिचा कच्चा मालही असतो. पण प्रशिक्षक झाल्यावर हिशोब बदलतो, कारण आता समोर उभी असलेली पोरं तुमच्या भरवशावर असतात. ग्राइस-फिशरच्या पदकांवर मी यावरून शिंतोडे उडवणार नाही, ती पदकं त्या काळातली नाहीत. उलरिखकडून मात्र मला सविस्तर ऐकायला आवडलं असतं.

असो. गडी पुढे राजकारणात गेला. 2021 ला सोशल डेमोक्रॅट पक्षातर्फे, देशांतर्गत गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख हान्स-गेओर्ग मासेन यांना झुल भागातल्या मतदारसंघात हरवून तो थेट बुंडेस्टागमध्ये पोचला. तिथे त्याला क्रीडा समितीचं अध्यक्षपद मिळालं. डोपिंगविरोधी धोरणाचे विषय याच समितीपुढे येतात.