परतीचा हिशेब



दूरच्या प्रवासाची तयारी म्हटली कीं आपल्या घरांत फराळाचे डबे भरले जातात, वळकट्या बांधल्या जातात, आणि सामानाची यादी संपली म्हणजे तयारीही संपली असें आपण मानतों. ऑस्ट्रेलिया खंडाच्या ओसाड अंतर्भागास तिकडील लोक आउटबॅक म्हणतात. चारी चाकांना जोर मिळणारी मोटार घेऊन त्या प्रदेशांत मुक्कामास जाणारे हौशी प्रवासी आज पुष्कळ आहेत. त्यांचीही यादी लांबलचक असते: पाण्याचीं पिंपें, जादा इंधन, दोन दोन सुटीं चाकें, रेतींत रुतलेली गाडी काढण्यास फावडें. परंतु या यादींतील सर्वांत महत्त्वाचें कलम वस्तूंचें नव्हे. आपण कोणत्या वाटेनें जाणार, कोणत्या दिवशीं परतणार, आणि न परतल्यास कोणी काय करावयाचें, हें मागें राहणाऱ्यास लिहून देणें, हें तें कलम होय. त्याची किंमत ज्यास जाणून घ्यावयाची असेल, त्यानें क्वीन्सलंड प्रांतांत कूपर्स क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं उभ्या असलेल्या एका कूलिबा वृक्षाची हकीकत ऐकावी.

ता. २० ऑगस्ट १८६० रोजीं मेलबर्न शहरांतून एक मोहीम मोठ्या थाटानें निघाली. खंडाच्या दक्षिण किनाऱ्याकडून उत्तर किनाऱ्याकडे, मधला अज्ञात प्रदेश ओलांडून जावयाचें, असा तिचा उद्देश होता. नायक रॉबर्ट ओहारा बर्क हा पोलीस अधिकारी. धाडसी खरा, पण असल्या प्रवासाचा अनुभव नसलेला. विल्यम विल्स हा तरुण भूमापक त्याच्यासोबत होता. माणसें एकोणीस, घोडे तेवीस, उंट वीसहून अधिक, आणि ओझें सुमारें वीस टन! त्यांत मेज-खुर्च्या होत्या, दारूचे बाण होते, इतकेंच नव्हे तर उंटांना पाजण्याकरितां साठ गॅलन रम होती. बहुतेक उंट हिंदुस्थानांत खरेदी करून, त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या कराची बंदरांतून जहाजानें नेलेले होते. त्यांच्याबरोबर उंटवालेही गेले होते. त्यांपैकीं एक हिंदु होता. शिध्यांतील मांस त्यास वर्ज्य असल्यामुळें बिचाऱ्यास आरंभींच नोकरी सोडून परतावें लागलें. वीस टनांच्या यादींत या एका माणसाच्या जेवणाचा विचार कोणास सुचला नव्हता.

एवढें ओझें घेऊन मेनिंडीपर्यंत पोहोंचण्यास दोन महिने लागले. टपालाची गाडी तें अंतर सुमारें आठवड्यांत कापीत असे. उतावीळ झालेल्या बर्कनें तेथें मंडळी विभागली. कांहीं माणसें व बराच शिधा मागें ठेवून तो कूपर्स क्रीकला आला, आणि तेथें त्यानें पुन्हां विभागणी केली. ता. १६ डिसेंबरला विल्स, किंग व ग्रे यांना घेऊन तो उत्तरेकडे निघाला. छावणीवर ब्राहे नांवाच्या माणसास तीन महिने वाट पाहण्यास सांगितलें होतें. मेनिंडीहून शिधा येईल असा सर्वांचा समज होता. पण तेथील मंडळी जानेवारीच्या अखेरपर्यंत जागची हललीच नाहीं.

फेब्रुवारींत बर्क व विल्स उत्तर किनाऱ्याजवळ पोहोंचले. खाऱ्या पाण्याची चव त्यांना मिळाली, पण दलदलीमुळें उघडा समुद्र दिसला नाहीं. परततांना शिधा संपत आला. जनावरें मारून खावीं लागलीं. एप्रिलमध्यें ग्रे मरण पावला. त्यास पुरण्यांत थकलेल्या तिघांचा एक दिवस गेला.

ता. २१ एप्रिल १८६१ रोजीं संध्याकाळीं हे तिघे छावणीवर पोहोंचले, तों ती रिकामी! चार महिन्यांहून अधिक काळ वाट पाहून ब्राहे त्याच सकाळीं निघून गेला होता. झाडावर ‘खणा’ अशी खूण कोरलेली होती. खाली शिधा पुरलेला, आणि एक चिठ्ठी. आमचीं जनावरें धडधाकट आहेत, असें तींत लिहिलें होतें. यांना गांठणें आतां अशक्य, असें बर्कनें ठरविलें. वस्तुतः ब्राहेचा त्या रात्रीचा मुक्काम अवघ्या चौदा मैलांवर होता.

आतां खरी शोकांतिका ऐका. तिघांनीं शिधा काढला, आपण दीडशें मैलांवरील माउंट होपलेसकडे जात आहों अशी चिठ्ठी पुरली, आणि जमीन पूर्ववत् सारखी केली. झाडावर मात्र नवी खूण केली नाहीं. ता. ८ मे रोजीं ब्राहे मेनिंडीच्या मंडळीच्या प्रमुखास घेऊन परत आला. जुनी खूण जशीच्या तशी. जमीन हाललेली नाहीं. कोणी आलें नाहीं असें समजून ते न खणतांच निघून गेले. चाकूचा एक ओरखडा त्या झाडावर असता, तर!

वाट न सांपडून तिघे ओढ्याकांठींच भटकत राहिले. त्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या नांदत असलेले यांद्रुवांधा लोक त्यांना मासे व नार्डू वनस्पतीची भाकर देत. बर्कनें एकदां त्यांच्यावर बंदुकीचा बार काढला आणि तो आधारही तुटला. नार्डूवर योग्य संस्कार न केल्यास शरीरांतील बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतें. त्यामुळेंच पोट भरूनही ते क्षीण झाले असावेत, असें पुढील काळांतील संशोधकांचें मत आहे. जून-जुलैच्या सुमारास बर्क व विल्स दोघेही मरण पावले. किंग मात्र यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला, आणि सप्टेंबरांत शोधपथकास जिवंत सांपडला. ज्या भूमीस मोहीम ओसाड समजत होती, ती त्या लोकांचें घर होती.

पुढें साधनें बदललीं. १९२९ च्या सुमारास पायांनीं फिरविण्याच्या यंत्रावर वीज निर्माण करून चालणारा बिनतारी संच निघाला आणि एकाकी वस्त्यांचा आवाज दूरवर पोहोंचूं लागला. १९६२ सालीं रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञानें पत्नी व दोन मुलांसह सिम्सन वाळवंट मोटारीनें प्रथमच ओलांडलें. परंतु पुढच्याच वर्षीं, डिसेंबरच्या भर उन्हाळ्यांत, बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर एका कुटुंबाची मोटार इंधनावांचून थांबली. पाण्याच्या शोधांत गाडीपासून दूर गेलेलीं पांचही माणसें तहानेनें प्राणांस मुकलीं. मोटार शोधणाऱ्यांना माणसांच्या आधीं सांपडली. उजाड मुलखांत एकटा मनुष्य दिसत नाहीं, गाडी दिसते. म्हणून गाडी सोडूं नये, हा नियम आजही प्रत्येक प्रवाशास सांगतात.

कूपर्स क्रीकचा तो वृक्ष अद्याप उभा आहे. त्यावरील अक्षरें बहुतेक सालीखालीं बुजून गेलीं आहेत. मोटारी घेऊन जाणारे प्रवासी त्याच्या सावलींत क्षणभर थांबतात. जाण्यास धैर्य पुरतें, श्रोतेहो. परत येण्यास मात्र मागें वाट पाहणारा कोणी लागतो, आणि आपण कोठें आहों हें त्यास कळावें लागतें.