ॲक्ट १० (विस्कॉन्सिन)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा २०११ सालचा कायदा. सरकारी शाळांतील शिक्षकांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क त्याने नावापुरता उरवला. स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना हा हक्क कायद्याने देणारे पहिले राज्यही हेच, १९५९ मध्ये.

महाराष्ट्रात शिक्षकांच्या वेतनश्रेणी शासन ठरवते. विस्कॉन्सिनमध्ये मात्र या कायद्यापूर्वी प्रत्येक शालेय जिल्ह्याचे मंडळ शिक्षकसंघटनेशी करार करी. करारातला तक्ता उघडला की सेवेची वर्षे आणि पदव्या यांवरून कोणाचाही पगार कळे. पाठतयारीचा तास, बदल्या, तक्रारनिवारण हेही करारातच. संप मात्र बेकायदेशीर होता : १९७४ मध्ये हॉर्टनविल येथील ८४ संपकरी शिक्षक बडतर्फ झाले. पुढे लवाद आला, पण १९९३ ते २००९ या काळात मंडळाने वेतन व लाभांत मिळून ३.८ टक्के वाढ देऊ केली की पैशांचा वाद लवादाकडे नेता येत नसे. म्हणजे २०११ पूर्वीही संघटनांचे हात मोकळे नव्हतेच.

गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी अर्थसंकल्पी तुटीचे कारण देऊन विधेयक आणले. राजधानी मॅडिसनच्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकल्या, गणपूर्ती मोडण्यासाठी १४ विरोधी सिनेटर इलिनॉयला निघून गेले. तरी मार्चमध्ये कायदा झाला. वाटाघाटी फक्त मूळ वेतनावर, त्याही महागाईदराच्या मर्यादेत. पगारातून वर्गणीकपात बंद. मान्यता टिकवायला संघटनेला दरवर्षी सर्व पात्र कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांची मते हवीत. न टाकलेले मत विरोधात धरले जाते. पोलीस व अग्निशामक दल यांतून वगळले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायदा उचलून धरला. डिसेंबर २०२४ मध्ये डेन परगण्याच्या न्यायालयाने त्याचा बराच भाग घटनाबाह्य ठरवला, पण अपिलामुळे त्या निकालाला स्थगिती मिळाली.

हातात पडणारा पगार लगेच घटला, कारण निवृत्तिवेतन निधीचा निम्मा वाटा (सुरुवातीला पगाराच्या सुमारे ५.८ टक्के) शिक्षकांवर आला. कामाच्या अटी करारातून मंडळाच्या नियमपुस्तिकेत गेल्या. ती मंडळ एकतर्फी बदलू शकते. पगाराचा तक्ता काही जिल्ह्यांनी ठेवला, काहींनी मोडला. अर्थतज्ज्ञ बार्बरा बियासी यांना आढळले, की तो मोडणाऱ्या जिल्ह्यांकडे अधिक परिणामकारक शिक्षक वळले. हेदर सार्सन्स यांच्यासह केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली : जो तो आपला पगार मागू लागल्यावर समान पात्रतेच्या शिक्षिका, विशेषतः तरुण, पुरुषांच्या मागे पडल्या. मुख्याध्यापक किंवा जिल्हाप्रमुख स्त्री असलेल्या ठिकाणी ही तफावत आढळली नाही.